'सल्ला फी' म्हटलं म्हणून सुटका नाही

'गुंतवणुकीची दलाली करणाऱ्याकडे नोंदणी नसणं ही फक्त कागदोपत्री चूक, पैसे बुडाले तरच फसवणूक', हे या चर्चेत वर आलेलं मत मला अजिबात पटलं नाही. अमेरिकेच्या १९३४ च्या सिक्युरिटीज एक्स्चेंज कायद्यातलं (शेअर, रोखे यांच्या खरेदी-विक्रीचा कायदा) कलम १५(अ) बघा. नोंदणी न करता दलाली करणं हाच मुळात कायद्याचा भंग आहे, फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. त्याच कायद्याच्या कलम २९(ब) चा उल्लेख इथे अजून कुणीच केला नाही. कायदा मोडून झालेला करार रद्द करून मागायचा हक्क त्याने निर्दोष पक्षाला मिळतो. फक्त त्यात उशीर करून चालत नाही.

माझ्या मावसभावाला तिकडे असाच एक जण भेटला होता. कागदावर 'सल्ला फी' लिहिलेलं, पण रक्कम मात्र गुंतवलेल्या पैशांच्या टक्केवारीत. म्हणजे कमिशनच की! व्यवहारावर असा मोबदला घेणं ही दलाल असल्याची मोठी खूण मानली जाते. भावाने सही करण्याआधी फिनराच्या (तिथल्या दलालांवर देखरेख ठेवणारी संस्था) ब्रोकरचेकवर, म्हणजे दलालांची नोंद तपासायच्या ऑनलाइन शोधावर, नाव टाकलं, तर त्या माणसावर कायमची बंदी! बंदी आलेले लोक 'फाइंडर' (गुंतवणूकदार शोधून देणारा), 'कन्सल्टंट' अशी नावं लावून परत येतात ते असे. आणि ब्रोकरचेकवर नाव सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. कधीच नोंदणी न केलेला माणूस तिथे दिसणार कसा? त्यासाठी एसईसीने, म्हणजे अमेरिकेच्या शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, २०१८ मध्ये 'साली' (SALI) नावाचा वेगळा शोध सुरू केलाय. ज्यांच्याविरुद्ध कोर्टाचे निकाल किंवा आयोगाचे आदेश आहेत, अशी नोंदणी नसलेली माणसंही त्यात सापडतात.