38 जीबीचं टेबल, डम्प (डेटाबेसचा बॅकअप) मध्येच मरतोय, एरर 2013

हडपसरकर:
मंडळी, डोकं आउट झालंय. मार्केट यार्डातल्या एका आडत्याचं बिलिंग आमच्याकडे आहे, डेटाबेस मायएसक्यूएल 8.0, सर्व्हर त्यांच्या गाळ्यातच माळ्यावर. शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्यांचे स्कॅन ज्यात पडतात ते टेबल 38 जीबीचं झालंय. ठरल्या वेळी बॅकअप आपोआप चालवणाऱ्या क्रॉनचा मेल रोज सक्सेसचा येतो म्हणून निवांत होतो, परवा सहज लॉग उघडला तर लॉस्ट कनेक्शन, 2013. रात्री 2 ला डम्प जीझिपमधून (फाइल दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) थेट नासवर (नेटवर्कवरचं स्टोरेज) जातो. मॅक्स अलाउड पॅकेट (एका पॅकेटमध्ये किती डेटा चालेल ती मर्यादा) 1 जीबी केलं, त्याच्या वर जातच नाही, तरी तेच रडगाणं.

जुना_डीबीए:
एररच्या शेवटी 'अ‍ॅट रो' आणि आकडा असतो बघ, कितव्या ओळीला तुटलं तो. रोज तोच येतो का वेगळा? तोच असेल तर तिथेच काहीतरी बोंब आहे, टेबल चेक कर.

हडपसरकर:
वेगळा. 2 लाख 11 हजार, मग 90 हजार, काल 1 लाख 64 हजार.

जुना_डीबीए:
मग टेबल बिचारं निर्दोष आहे. सर्व्हर ओळी देतो, मायएसक्यूएलडम्प (डम्प काढणारा प्रोग्रॅम) त्या जीझिपकडे सरकवतो, जीझिप नासवर लिहितो, आणि नास अडकला की मागचे सगळे ताटकळतात. नेट राइट टाइमआउट डिफॉल्ट 60 सेकंद असतो, तेवढ्यात समोरच्याने माल उचलला नाही की सर्व्हर कनेक्शन तोडून मोकळा. आधी लोकल डिस्कवर घे, मग नासवर कॉपी मार. जागाच नसेल तर टाइमआउट 600 कर, पण कॉन्फिग फाइलमध्ये पण लिही नाहीतर रीस्टार्टला उडेल. आणि 2 वाजता नासवर अजून काय चालतं?

हडपसरकर:
सीसीटीव्हीचं आर्काइव्ह. तेही 2 लाच 🤦

कात्रज_नाईटशिफ्ट:
क्रॉनचं सांगतो, पाइपमध्ये (एका कमांडचं आउटपुट थेट पुढच्या कमांडला) शेवटच्या कमांडचा निकाल धरतात, म्हणजे जीझिपचा, डम्प मेला का जगला त्याला काय पडलीये. बॅश स्क्रिप्टमध्ये पाइपफेल ऑन कर, म्हणजे त्यातली कुठलीही कमांड मेली तरी फेल दिसेल. जुन्या फायलींची पण शेवटची ओळ बघ, 'डम्प कम्प्लीटेड' नसेल तर ती अर्धीच आहे. आणि डम्पच्या कमांडला सिंगल ट्रान्झॅक्शन लावलंयस ना? नाहीतर डम्प चालू असताना टेबलं लॉक होतात, पहाटे गाड्या लागल्या की आडत्या तुलाच तोलायला काढेल.

हडपसरकर:
लावलंय. काल लोकलला घेतला, 1 तास 50 मिनिटं, पूर्ण आला. जुन्या फायली बघितल्या आत्ता, 'डम्प कम्प्लीटेड' असलेली शेवटची फाइल पाडव्याच्या आदल्या रात्रीची आहे. कॅमेरे पाडव्याच्या मुहूर्तावर बसवले होते. शेठना अजून बोललो नाहीये.