रुब्रिक पोरांसाठी की फाइलीसाठी? फील्ड प्रोजेक्टच्या २० गुणांवरून वाद

गणितवाले, मेहकर:
आमच्याकडे सूचना निघाली की या सत्रापासून फील्ड प्रोजेक्टचे अंतर्गत २० गुण मूडलवर (कॉलेजच्या ऑनलाइन शिक्षण-प्रणालीवर) रुब्रिक, म्हणजे निकषांच्या ओळी आणि गुणांच्या पातळ्यांचा तक्ता, लावूनच द्यायचे. हिशेब करा. वर्गात १३० पोरं, ४ निकष, म्हणजे ५२० क्लिक. क्विक ग्रेडिंगमध्ये तेच काम १३० आकडे टाइप करून उरकत होतं, आणि रुब्रिक लावलं की क्विक ग्रेडिंग बंद पडतं. अनुभवी माणसाला वही चाळली की समजतं, हा १४ चा आहे की १७ चा. तोच आकडा चौकटी पाडून काढायचा आणि प्रिंट नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) २.५ या निकषाच्या फाइलीत लावायची. हे सगळं फाइलीसाठी चाललंय. पोराच्या पदरात काय पडतं, ते कोणी सांगावं.

प्राणीशास्त्र, दर्यापूर:
सर, सांगतो. लांबेल, पण पोस्ट वाचून गप्प बसवत नाही.

१४ आणि १७ मधले ३ गुण कशाचे, हे तुम्हाला दिसतं. पोराला दिसत नाही. तुमच्याच कॉलेजातले दुसरे सर त्याच वहीला ११ देतात, तेव्हा त्यांनाही दिसत नाही. एनईपीनंतर, म्हणजे नवं शिक्षण धोरण आल्यावर, एका बॅचचे प्रोजेक्ट तीन-चार जणांत वाटले जातात. प्रत्येकाची नजर वेगळी, आणि गुण मात्र एकाच यादीत लागतात. सगळी गोम इथे आहे.

उदाहरण कापसाचंच घेऊ. प्रोजेक्ट आहे गुलाबी बोंडअळीच्या पतंगांच्या नोंदींचा. हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे), रोज सकाळी मोजणी, आणि सलग ३ रात्री सापळ्यामागे ८ किंवा जास्त पतंग आले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं धरायचं. याला २० गुण असे पाडा: नोंदी ६, विश्लेषण ६, शेतकऱ्याची मुलाखत ४, मांडणी ४. मूडलच्या रुब्रिकमध्ये वजनासाठी वेगळा रकाना नसतो, वजन पातळ्यांच्या गुणांतूनच येतं. म्हणून नोंदींच्या ओळीला ०-२-४-६ आणि मांडणीला ०-१-२-४.

आता नोंदींची ओळ लिहायची कशी ते बघा. ०: नोंदवही जोडलेली नाही. २: नोंदी आहेत, पण मधल्या तारखा गायब किंवा सगळ्या सापळ्यांचा आकडा एकत्र. ४: रोजची, सापळानिहाय नोंद. ६: वरचं सगळं, शिवाय ल्युअर (सापळ्यातली गंधाची गोळी) बदलल्याची तारीख आणि पावसाच्या रात्रींची खूण. ही ओळ वाचलेला पोरगा सापळ्याला नंबर चिकटवूनच शेतात जातो. त्याच्या पदरात पडतं ते हे, आणि ते काम सुरू व्हायच्या आधी पडतं. त्यासाठी रुब्रिकच्या पर्यायांमध्ये ‘विद्यार्थ्यांना आधी बघू द्या’ ही खूण हवी. ती नसली तर रुब्रिक पोरांना गुण लागल्यावरच दिसतं, आणि मग तुमचा फाइलीचा आरोप शंभर टक्के खरा ठरतो.

गणितवाले, मेहकर:
ओळ चांगली आहे, मान्य. पण अशी ओळ लिहितं कोण? आमच्याकडे आलेल्या नमुन्यात चार पातळ्या आहेत: उत्कृष्ट, चांगले, समाधानकारक, असमाधानकारक. निकष: आशय, सादरीकरण, सर्जनशीलता, वक्तशीरपणा. हाच तक्ता इतिहासालाही आणि रसायनशास्त्रालाही. ‘चांगले’ म्हणजे किती, ते शेवटी नजरेनंच ठरवायचं ना? मग माझी नजर काय वाईट होती?

प्राणीशास्त्र, दर्यापूर:
तो तक्ता फेकून द्या, यात तुमचं-माझं एकमत. नुसती विशेषणं भरलेलं रुब्रिक नसलेलंच बरं. त्यात एक ठरलेला दोष दिसतो: काठावर कोणी जायला धजत नाही, सगळे मधल्या दोन चौकटींत जातात आणि अख्खा वर्ग १२ ते १५ मध्ये गोळा होतो. पातळीत मोजता किंवा दाखवता येईल असं काहीतरी लिहिलेलं पाहिजे.

मूडलवाले, मूर्तिजापूर:
त्या फिरत्या नमुन्यात याहून मोठा घोटाळा आहे, त्याकडे कोणाचं लक्ष नाही. त्यातल्या पातळ्या १-२-३-४ आहेत. शून्य नाही. ‘किमान मिळू शकणारे गुण धरून ग्रेड काढा’ अशा अर्थाचा एक चौकोन रुब्रिकच्या पर्यायांत असतो. त्याला खूण नसेल तर मूडल सगळ्यात खालच्या बेरजेला शून्य समजतं. आकडे पाहा. चार ओळी, चारही ठिकाणी २. बेरीज १६ पैकी ८. शिक्षकाच्या मते २० पैकी १०. मूडल काढतं (८−४) भागिले (१६−४) गुणिले २०, म्हणजे ६.६७. चारही ठिकाणी ३ दिले तर १५ ऐवजी १३.३३. पोरगं रडत येतं, सर म्हणतात मशीन चुकलं. मशीन बरोबर आहे, सेटिंग वाचलेलं नाही.

उपाय: प्रत्येक ओळीत शून्याची पातळी ठेवा. मग त्या चौकोनानं फरकच पडत नाही. दुसरं, रुब्रिकची बेरीज असाइनमेंटच्या कमाल गुणांइतकीच ठेवा. १६ चं रुब्रिक २० वर ताणलं की ११ चे १३.७५ होतात, आणि मग गुणपत्रकात पाव-पाऊण कसे लिहायचे यावर ऑफिसशी भांडण. तिसरं, एकही ओळ रिकामी सोडता येत नाही, प्रत्येक निकषावर काहीतरी निवडल्याशिवाय सेव्ह होत नाही. मुलाखत घेतलीच नसेल तर निवडायला शून्याची चौकट लागतेच.

सीएचबी, चिखली:
तुमचं सारं बरोबर हाये सर, पण मोबदल्याचं कोणीच बोलत नाही. आमी सीएचबीवाले, म्हंजे तासिका तत्त्वावरचे, आमाले पैसे तासिकेचे भेटते. रुब्रिक बनवा, १३० जणांचे तपासा, प्रत्येक ओळीत शेरा लिहा, हे कोणत्या तासिकेत बसते? कायम मास्तरले पगार चालू राह्यते, त्याले पद्धत चांगली वाटनारच. जागा भरत नाही, अन् आहे त्याच मानसावर नवीन पद्धत लादतात. त्यातून लाइन गेली की राऊटर बंद. मोबाइल डेटावर ‘सेव्ह अँड शो नेक्स्ट’ दाबलं अन् पान फिरतच राह्यलं, त मागच्या पोराच्या चारही चौकटी गेल्या. परत निवडा.

मूडलवाले, मूर्तिजापूर:
पैशाचं म्हणणं रास्त आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. नेटचं आहे. रुब्रिकचा तक्ता कागदावर छापा, एका पानावर दहा रोल नंबर, ओळीत चार खाने. तपासणी कागदावर, वहीसमोर. नेट चांगलं असेल तेव्हा चौकटी भरा. खाने आधीच ठरलेले असले की एका पोराला अर्धं मिनिटही लागत नाही. आणि प्रत्येक ओळीत शेरा लिहायलाच पाहिजे असं कुठे आहे? पातळीचं वाक्य नीट लिहिलं असेल तर तोच शेरा. नेहमीचे शेरे तयार ठेवून चिकटवायचे असतील तर रुब्रिक सोडा आणि मार्किंग गाइड वापरा. त्यात पातळ्या नसतात, निकषामागे कमाल गुण असतात आणि ठरलेल्या शेऱ्यांची यादी साठवता येते. गणिताला तेच जास्त सोयीचं आहे, पायरीला गुण देता येतात.

मराठी विभाग, वणी:
दर्यापूरच्या सरांनी ‘मांडणी’ला ४ दिले आणि भाषेला वेगळा निकषच ठेवला नाही, याला माझा सक्त विरोध आहे. पदवीच्या पोराला ‘परीक्षा’ लिहिता येत नाही आणि आपण सापळे मोजत बसायचं? मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ पासून आहेत. आमच्या रुब्रिकमध्ये शुद्धलेखनाला ५ गुण आहेत आणि राहतील. हेच विद्यार्थी उद्या स्पर्धा परीक्षेला बसतात.

झाडीपट्टी, वडसा:
मॅडम, तुमचे ते ५ गुण कोणाच्या खिशातून जातात, ते कधी यादीवर पाहा. ज्या घरात पुस्तकी मराठी बोलतात त्या पोराला ते फुकट मिळतात. झाडीबोलीत वाढलेला पोरगा कपाशीला ‘पऱ्हाटी’ लिहितो म्हणून गुण कापायचे? शेतकऱ्यानं मुलाखतीत सांगितलं, ‘डोमकळ्या दिसून राह्यल्या, बोंडाची कवडी झाली’. ही पक्की निरीक्षणं आहेत. पाकळ्या न उघडलेलं फूल आणि सडून डागाळलेला कापूस, दोन्ही बोंडअळीच्या नुकसानीच्या खुणा. पोरानं ते जसंच्या तसं उतरवलं तर ती उत्तम नोंद, आणि तुमच्या ओळीत ती अशुद्ध ठरते.

मराठी विभाग, वणी:
बोलीचा अपमान मी केलेला नाही, माझ्या तोंडी शब्द घालू नका. बोली शिकवणारी मी आहे. शेतकऱ्याचं बोलणं अवतरणात असेल तर त्याला हात लावायचा प्रश्नच नाही. पण निष्कर्षात, स्वतःच्या वाक्यात, ‘आढळून राह्यले’ चालणार नाही. विद्यापीठाची लेखी परीक्षा तपासणारा कोण असेल ते आपल्या हातात नाही. इथे सवय लावली नाही तर तिथे गुण जातील आणि कारणही कळणार नाही.

झाडीपट्टी, वडसा:
अवतरणाची सूट तुमच्या रुब्रिकमध्ये लिहिली आहे का? तुमच्या मनात असून उपयोग नाही, तपासणारा चौकटीत लिहिलंय तेच वाचतो. आणि ‘परिक्षा’ची चूक पोराची की कीबोर्डची? निम्मी पोरं मोबाइलवर बोलून टाइप करतात. ऱ्हस्व-दीर्घ फोन ठरवतो. तुम्ही प्राणीशास्त्राच्या कामात फोनला गुण देत आहात. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठीचं विद्यापीठ झालं, आणि त्याच भागातला पोरगा आपल्या बोलीसाठी ५ गुण गमावतो. याचा संताप येणार नाही तर काय?

मराठी विभाग, वणी:
फोन चुकला तर वाचून दुरुस्त करणं हेही कामच आहे. रिद्धपूर मध्ये आणून माझ्यावर राग काढू नका. प्रमाण भाषा न शिकवणं ही त्या पोराशी केलेली फसवणूक आहे, हे मत मी बदलणार नाही.

प्राणीशास्त्र, दर्यापूर:
दोघांनी जरा थांबावं. मॅडम, शिकवायला विरोध नाही. मापनाचा प्रश्न आहे. तुमच्या तक्त्यात शुद्धलेखन ५ आणि सादरीकरण ५. ज्याची भाषा कच्ची, त्याचे गुण दोन्ही ओळींत जातात. कारण सादरीकरण तपासतानाही नजर अशुद्ध शब्दांवरच अडखळते. एका चुकीसाठी २० पैकी १० गुण धोक्यात. एक दोष एकाच ओळीत मोजला गेला पाहिजे, नाहीतर बेरीज खोटी होते. ज्या पोरानं सगळे सापळे रोज मोजले आणि कोणत्या रात्री पातळी ओलांडली ते बरोबर शोधलं, तो आयत्या सुबक अहवालाच्या खाली जातो.

भाषेची ओळ ठेवायचीच असेल तर अशी. ०: वाक्यांचा अर्थ लागत नाही. १: अर्थ लागतो, पण एकक, तारीख किंवा गावाचं नाव संदिग्ध. २: पहिल्या वाचनात अर्थ स्पष्ट, मुलाखतीतलं बोलणं अवतरणात आणि आपलं विश्लेषण प्रमाण लेखनात. कमाल २. अवतरणाची सूट ओळीतच लिहिलेली. हे २ मांडणीच्या ४ मधूनच काढायचे, मग मांडणी ०-१-२.

मराठी विभाग, वणी:
२ फार कमी आहेत. पण सूट रुब्रिकमध्ये लिहिलेली हवी, हे बरोबर आहे. ती आमच्या तक्त्यात नाही. घालते. मराठीच्या पेपरला मात्र ५ च.

झाडीपट्टी, वडसा:
मराठीच्या पेपरला १० ठेवा, तिथे तोच विषय आहे. बाकीच्यांवर लादू नका, एवढंच मागणं होतं.

गणितवाले, मेहकर:
चर्चा कुठून कुठे गेली. माझा मूळ प्रश्न वेळेचा होता. समजा मी अशा ओळी लिहिल्या. निम्मी पोरं तपासल्यावर लक्षात आलं की ४ ची आणि ६ ची पातळी नीट वेगळी होत नाही. मग?

मूडलवाले, मूर्तिजापूर:
म्हणूनच आधी ‘ड्राफ्ट’ म्हणून सेव्ह करा. ‘रेडी’ करण्याआधी मागच्या सत्रातल्या ८-१० वह्या काढा, दोघांनी वेगवेगळं बसून तपासा. ज्या ओळीवर दोघांच्या चौकटी वारंवार वेगळ्या पडतात, ती ओळ पुन्हा लिहा. बहुतेक वेळा एका पातळीत दोन अटी कोंबलेल्या असतात, आणि पोरगा एक पाळतो, दुसरी नाही.

तपासणी सुरू झाल्यावर रुब्रिक बदललं तर मूडल विचारतं, आधी दिलेले गुण पुन्हा तपासायचे म्हणून खूण करायची का? शब्द सुधारला असेल तर ‘नाही’. पातळीचा अर्थ किंवा गुण बदलले असतील तर ‘हो’, आणि मग ते सगळे खरोखर पुन्हा उघडावे लागतात. घाईत ‘नाही’ दाबलं तर अर्धा वर्ग जुन्या मापानं आणि अर्धा नव्या मापानं मोजला जातो.

गणितवाले, मेहकर:
हे कोणत्याच प्रशिक्षणात सांगितलेलं नाही. तिथे बटणं कुठे आहेत एवढंच दाखवलं. ठीक आहे, दर्यापूरच्या सरांच्या धर्तीवर चार ओळी लिहून बघतो. ५२० क्लिकचं म्हणणं मी मागे घेत नाही. मुदत वाढवून दिली पाहिजे, हेही म्हणणं आहेच. हे रुब्रिक दरवेळी नव्यानं टाइप करावं लागतं का?

मूडलवाले, मूर्तिजापूर:
नाही. नव्या असाइनमेंटमध्ये ग्रेडिंग मेथड ‘रुब्रिक’ निवडा, मग अ‍ॅडव्हान्स्ड ग्रेडिंगच्या पानावर ‘टेम्प्लेटवरून नवीन फॉर्म’ घ्या आणि शोधताना ‘माझे स्वतःचे फॉर्म’ला खूण करा. तुमचं जुनं रुब्रिक तिथे येतं. त्याची प्रत पडते, मूळ तसंच राहतं. सगळ्या विभागांना द्यायचं असेल तर ते टेम्प्लेट म्हणून प्रसिद्ध करावं लागतं आणि तो अधिकार बहुधा अ‍ॅडमिनकडे असतो. त्याआधी प्रत्येक ओळीत शून्य आहे ना, ते बघून घ्या.

सीएचबी, चिखली:
अन् टेम्प्लेट टाकलं त खाली लिहून द्या का कोनत्या प्रोजेक्टसाठी हाये. नाहीतर पुढच्या सत्रात सापळ्याच्या नोंदीची ओळ इतिहासवाल्याले लावून देतीन.

मूडलवाले, मूर्तिजापूर:
वर्णनाचा रकाना त्यासाठीच असतो. प्रोजेक्टचं नाव, सत्र, कमाल गुण आणि कोणत्या वह्यांवर चाचणी घेतली ते तिथे लिहा.