सेमी-हॉलो गिटारचा पिकअप बदलला आणि आवाज नाकात गेला, मदत हवी आहे (जरा लवकर!!)

भुंगा
मंडळी लवकर सांगा, शनिवारी वाजवायचंय. गेल्या महिन्यात सेकंडहँड सेमी-हॉलो (अर्धी पोकळ) इलेक्ट्रिक गिटार घेतली, दिसायला एक नंबर पण आवाज गढूळ, म्हणून पिकअप (तारांचा आवाज पकडणारा चुंबक-कॉइलचा भाग) बदलला. ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीय, मागे झाकण नाही बिकण नाही, अख्खी वायरिंग एफ-होलमधून (वरच्या f आकाराच्या भोकातून) बाहेर ओढायची आणि तिथूनच परत कोंबायची. दोन रात्री गेल्या, जॅक (केबल खुपसायची जागा) तीनदा आत पडला, आणि एवढं करून आवाज कसा येतोय तर कुणी नाक चिमटीत धरून गातंय तसा. पातळ, पोकळ, बेस गायब. सोल्डर तीनदा तपासला. पिकअप खराब निघाला का? परत करू का?

निवांत
कुठली गिटार, कुठला पिकअप, एक बदललात की दोन्ही? आधी तेवढं सांगा.

ठोकेबाज
तारा कुठल्या आहेत? सेमी-हॉलोला फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या तारा) लाव, आवाज आपोआप भरेल. मी पाच वर्षं त्याच वापरतोय.

भुंगा
तारा नव्या आहेत हो, तारांचा काय संबंध! ३३५ सारखी आहे. पिकअप हमबकर (दोन कॉइलचा).

सहावी_तार
"३३५ सारखी" म्हणजे नक्की काय? गिब्सनची ३३५ आली १९५८ मध्ये आणि तिची खरी गंमत मधल्या मेपलच्या ठोकळ्यात आहे, दोन्ही बाजू पोकळ पण मधे भरीव, म्हणून मोठ्या आवाजात ती चटकन शिट्टी मारत नाही. ३३० बाहेरून जवळपास तशीच पण आत ठोकळा नाही, एपिफोनची कसिनोही तशीच पोकळ. लोक सगळ्यांनाच सरसकट सेमी-हॉलो म्हणतात. टॉर्च मारून एफ-होलमधून बघा.

भुंगा
ठोकळा आहे, दिसतोय. आता माझ्या प्रश्नाचं बोला कुणीतरी 🙏

ओहमचा_नियम
पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे) किती किलोओहमचे आहेत? हमबकरला ५०० लागतात. जुन्या मालकाने २५० बसवले असतील तर तिथेच घोळ आहे.

निवांत
अहो ओहम, २५० ने वरची धार जाते, आवाज बोथट होतो. यांचा बेस गेलाय. रोग एक आणि औषध भलतंच.

ओहमचा_नियम
मी "असतील तर" म्हटलंय. आणि जुन्या गिटारचे पॉट मोजूनच बघावेत, ५०० लिहिलेला ४३० निघालेला मी स्वतः मोजलाय. त्याचा गढूळ आवाज कदाचित त्यामुळेच होता, पिकअप बदलायची गरजच नव्हती.

जुनी_खुंटी
जुनी घेताना पहिल्यांदा हेडस्टॉकच्या (खुंट्यांच्या डोक्याच्या) मागे, नटच्या (तिथल्या खाचांच्या पट्टीच्या) खाली नखाने चाचपून बघायचं. मान महोगनीची आणि हेडस्टॉक मागे कललेला असला की पडल्यावर नेमकी तिथेच मोडते, मग सरस लावून वर रंग मारून विकतात. दिव्याखाली तिरकी धरली की पॉलिशमध्ये केसाएवढी रेघ दिसते. नंतर फ्रेट बघायचे, पहिल्या तीन फ्रेटना तारांच्या खाचा पडल्यात का. ट्रस रॉड (मानेतली सळई) दोन्हीकडे फिरतो का हे दुकानदारासमोरच

भुंगा
काका घेऊन झाली हो!!

जुनी_खुंटी
पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

निवांत
भुंगा, एक सांगा. हा नाकातला आवाज पिकअप निवडायच्या स्विचच्या तिन्ही जागांवर येतो का?

भुंगा
नाही नाही, स्विच मधे असतानाच. नेक (मानेकडचा पिकअप) एकटा मस्त वाजतो, ब्रिज (खालच्या टोकाकडचा) एकटाही मस्त. मी मधेच ठेवून वाजवतो कायम म्हणून लिहायचं राहिलं. आणि हो, फक्त नेकचा बदललाय, ब्रिजचा जुनाच आहे.

ओहमचा_नियम
धन्य! हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं.

निवांत
मग पिकअप ठणठणीत आहे, परत करू नका. दोन पिकअप एकमेकांच्या उलट फेजमध्ये आहेत. तार हलली की एकाचा करंट पुढे तेव्हा दुसऱ्याचा मागे, दोन्ही एकत्र केले की खालचे सूर एकमेकांना खातात आणि उरतो तो नाकातला आवाज. नवा एका कंपनीचा आणि जुना दुसऱ्या कंपनीचा असला की हे होऊ शकतं. खात्री करायला काहीही उघडू नका. स्विच मधे, दोन्ही व्हॉल्यूम फुल, एक कॉर्ड वाजवा. मग एकाच पिकअपचा व्हॉल्यूम सहा-सातवर आणा. आवाज कमी व्हायच्या ऐवजी जाड झाला तर फेजच उलटी.

अर्धा_सूर
तसंच ठेव रे! ब्लूज गिटारवाल्या पीटर ग्रीनचा तो प्रसिद्ध रडका आवाज असाच तर होता, लोक मुद्दाम करून घेतात.

सहावी_तार
त्याची गिब्सनची लेस पॉल होती, १९५९ ची, भरीव. तिच्या नेक पिकअपचं चुंबक उलटं होतं. सेमी-हॉलोशी काय संबंध?

अर्धा_सूर
फेजला गिटार भरीव की पोकळ ते कळतं का? तीच गिटार पुढे गॅरी मूरकडे गेली, आता मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे, वाईट वाजली असती तर एवढी फिरली असती?

सहावी_तार
हातात काय आहे त्यावर जातं. तुम्ही-आम्ही वाजवली तर सर्दी झाल्यासारखीच वाजेल.

भुंगा
भांडा नंतर. व्हॉल्यूम सहावर आणला आणि आवाज खरंच जाड झाला!! आता? नव्या पिकअपला पांढरी, काळी, लाल, हिरवी अशा चार वायरी आणि एक उघडी आहे.

ठोकेबाज
पिकअप खोलून आतलं चुंबक पालट. दहा मिनिटांचं काम.

ओहमचा_नियम
अजिबात नको. वरचं कव्हर सोल्डर केलेलं, आत मेण, आणि कॉइलची तार केसाहून बारीक. स्क्रूड्रायव्हर निसटला की पिकअप कायमचा मुका. जुन्या पद्धतीचा, आत एकच वायर आणि भोवती धातूची जाळी अशा केबलचा पिकअप असता तर चुंबक पालटायला लागलं असतं, कारण तिथे वायरी उलट केल्या की जाळी आणि कव्हर दोन्ही सिग्नलला जोडले जातात आणि हात लावला की गुणगुण. तुमची चार वायरीची आहे, नशीबवान आहात. रंगांवर जाऊ नका, दर कंपनीचे रंग वेगळे, पिकअपबरोबरचा कागद बघा. दोन वायरी एकमेकींना जोडून टेप मारलेल्या असतील, त्या दोन कॉइलच्या मधल्या, त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्या दोन, एक पॉटवर आणि एक ग्राउंडला, त्यांची अदलाबदल. उघडी वायर ग्राउंडलाच राहणार.

भुंगा
म्हणजे परत सगळं एफ-होलमधून बाहेर??? मी नाही करणार. गिटार विकतो.

निवांत
थांबा हो. नेक पिकअपच्या रिंगचे चार स्क्रू काढा, पिकअप उचला, त्याची केबल तिथेच बोटभर अंतरावर कापा. तिथल्या तिथे त्या दोन वायरी फुली मारून जोडा, उघडी उघडीला, मधली जोडी तशीच. प्रत्येक जोडावर श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी), ती सोल्डर मारायच्या आधी ओवायची, हे सगळे विसरतात. पॉटला हात लावायचा नाही. कापायच्या आधी मीटरने एकदा बघून घ्या: केबल जॅकमध्ये, मीटर ओहमवर, व्हॉल्यूम फुल, स्क्रूड्रायव्हरचं पातं पिकअपवर टेकवलं की आकडा क्षणभर वर किंवा खाली उडी मारतो. दोन्ही पिकअपची उडी एकाच दिशेला हवी.

ठोकेबाज
चुंबक पालटलं असतं तर एव्हाना झालं असतं.

जुनी_खुंटी
अवांतर: पुढे कधी वायरिंग काढायचीच झाली तर प्रत्येक पॉटच्या दांडीला आणि जॅकला आधी दोरा बांधायचा, दोऱ्याचं टोक भोकातून बाहेर. परत ओढताना आपोआप जागेवर येतात.

भुंगा
हे दोन रात्रींपूर्वी कुठे होता काका.

भुंगा
अपडेट: झालं!!! मीटरवर ब्रिजचा आकडा वर जात होता, नेकचा खाली. कापून उलटं जोडलं, पाऊण तास लागला, एक श्रिंक ट्यूब ओवायची विसरलोच. आता मधल्या जागेवर असा गोल आवाज येतोय की तासभर एकच कॉर्ड वाजवत बसलो. निवांत, ओहम, दंडवत. एकच लफडं, रिंगचा एक स्क्रू हातातून सुटून एफ-होलमध्ये गेला, गिटार हलवली की खुळखुळा वाजतो.

निवांत
दोऱ्याला छोटं चुंबक बांधून आत सोडा.

ठोकेबाज
बघा, शेवटी चुंबकच. तारा बदलल्या का?