पद्मिनीची ऑइलची लाल लाईट आयडलला लुकलुकते, खरंच इंजिन उतरवावं लागेल का?

बाबांची_पद्मिनी:
नमस्कार मंडळी. घरी बाबांची 86 ची प्रीमियर पद्मिनी आहे, विंटेज म्हणा हवं तर. सकाळी स्टार्ट केली की लाईट लगेच विझते, काही त्रास नाही. पण मागच्या रविवारी खंबाटकी चढून साताऱ्याकडे उतरलो, आनेवाडीच्या टोलला रांगेत थांबलो आणि लाल लाईट लुकलुकायला लागली, रेस दिली की विझते, सोडली की परत चालू. मेकॅनिकने बघितलं न बघितलं आणि म्हणाला बेरिंग गेली, इंजिन उतरवा, क्रँक ग्राइंड करा, साठ हजार धरून चाला. निळा धूर नाही, खाली थेंब पडत नाही, ऑइल कमी होत नाही, 20डब्ल्यू-50 चार महिन्यांपूर्वीच टाकलंय. काय करू?

ठाणेकर_गॅरेज:
विंटेज म्हणजे 1919 ते 1930 च्या गाड्या हो, तुमची क्लासिक 😄 असो. ती लाईट फक्त चालू-बंद सांगते, ऑइलचं प्रेशर किती ते नाही सांगत. इंजिनवरचा त्या लाईटचा प्रेशर स्विच काढून तिथे काटेवाला मेकॅनिकल गेज लावा, गाडी तासभर फिरवून गरम करा, मग बघा. ढोबळ हिशोब असा की दर हजार आरपीएमला साधारण 10 पीएसआय (प्रेशरचं माप) मिळायला हवं. तेवढं मिळत असेल तर स्विच बाद, काम संपलं. आकडा बघितल्याशिवाय इंजिनला पाना लावू देऊ नका कुणाला.

रॉयल_रायडर:
जाड ऑइल टाका आणि वरून ते ऑइल घट्ट करायच्या औषधाचा डबा मिळतो तो ओता, माझ्या जिप्सीला दोन वर्षं चाललं

तेलकट_हात:
रायडरभाऊ, ताप आलेल्याचा थर्मामीटर बदलून काय होणार. जाड केलं की लाईट विझेल, दुखणं तिथेच राहील, आणि सकाळी थंड इंजिनात ते जाड ऑइल वर टॅपेटपर्यंत चढायलाच वेळ लावेल.

पद्मिनीवाले दादा, तुम्ही लिहिलंत की ऑइल कमी होत नाही. एवढ्या जुन्या इंजिनात चार महिन्यांत ऑइल जराही कमी होत नाही याचंच मला नवल वाटतं. माझे वडील मुंबईत काळीपिवळी चालवायचे, ते दर शनिवारी थोडं तरी ऑइल वरून टाकायचे. ते वाढत तर नाहीये ना? सपाट जागेवर गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी स्टार्ट न करता डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा, लेव्हल बघा आणि वास घ्या. वासच घ्या, काडी लावून बघू नका, काही जुने उस्ताद तसं करतात म्हणून सांगतोय.

बाबांची_पद्मिनी:
काका तुम्ही म्हणालात तसं आज सकाळी बघितलं. वरच्या खुणेच्याही बोटभर वर आहे!! मी तर कधी वरून टाकलंच नाही. आणि वास… बायको लांबूनच म्हणाली पेट्रोल सांडलंय का. थेंब वर्तमानपत्रावर टाकला तर मधे काळा डाग आणि भोवती पातळ ओलं वर्तुळ पसरत गेलं.

तेलकट_हात:
सापडलं मग. गाडी आता अजिबात चालवू नका, चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखाली ऑइल साठतं तिथे, पेट्रोलची वाफ आहे, आणि पातळ झालेलं ऑइल बेरिंगला धरत नाही, चांगली बेरिंगं त्यानेच जातील. थंड असताना ऑइल घट्ट असतं म्हणून सकाळी लाईट विझते, गरम झालं की पाण्यासारखं होतं.

पेट्रोल आत येतंय ते बहुतेक एसी पंपातून, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपातून. ब्लॉकच्या बाजूला बसतो तो, आत रबरी डायफ्रॅम (पडदा) असतो, तो फाटला की पेट्रोल कार्बोरेटरकडे जाता जाता थोडं खाली चेंबरमध्ये उतरतं. गाडी चालत राहते म्हणून कळत नाही. आणि आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे, त्या काळचं रबर त्याला टिकत नाही. डायफ्रॅम घेताना इथेनॉलला चालणाराच मागा.

ठाणेकर_गॅरेज:
+1, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फक्त पंप उघडायच्या आधी चोकची केबल अर्धवट अडकलेली नाही ना बघा, आणि कार्बोरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळत नाही ना. प्लग काळेकुट्ट ओले निघाले तर दोष तिकडे, कारण जास्तीचं पेट्रोल सिलेंडरच्या कडेने पिस्टनच्या रिंगांमधून खाली जातं. ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, ते काळं पाणी परत वापरू नका.

बाबांची_पद्मिनी:
अपडेट देतोय, दहा दिवस लागले, पार्ट मिळेना. प्लग छान बदामी निघाले, चोक मोकळा. पंप उघडला, डायफ्रॅम उजेडाकडे धरून ताणला तर कडेला नखाएवढी चीर, ढिला सोडला की दिसतच नाही. नवीन टाकला, ऑइल-फिल्टर बदललं, मग त्याच खंबाटकीने परत गेलो, यावेळी गेज लावून. आनेवाडीला गरम इंजिन, आयडल, काटा 11 च्या आसपास, लाईट बंद. रेस दिली की चाळीसच्या वर. मेकॅनिकला सांगितलं तर म्हणाला तरी बेरिंग बघून घ्या एकदा. बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, आधी तू वडापाव बघ.

तेलकट_हात:
11 वाईट नाही. आता पाचशे किलोमीटरला परत डिपस्टिकचा वास घ्या, आणि तो गेज काढू नका, डॅशच्या खाली लावून टाका.