फोड हवीच

कुणीतरी विचारलंय की उत्तरं दुसऱ्या दिवशी पेपरात येतातच, मग रोजच्या गूढ शब्दकोड्याचं, म्हणजे शब्दखेळातून उत्तर सुचवणाऱ्या कोड्याचं, परीक्षण कशाला? अहो, पेपरात नुसतं 'रमा' येतं! समजा सूत्र असं होतं : 'मार उलटा पडला की लक्ष्मी (२)'; कंसात उत्तराची अक्षरसंख्या. 'मार'ची अक्षरं उलटी लावा, झाली रमा. लक्ष्मी ही व्याख्या. ही फोड कळली तरच मजा. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्राचे कोडेकार झिमेनीझ यांचा दंडकच होता : नेमकी व्याख्या, प्रामाणिक शब्दखेळ, बाकी काही नको. परीक्षणात हे तपासावं. 'आज सोपं होतं, चहा संपायच्या आत सुटलं' ही निव्वळ फुशारकी. अर्थात 'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकाचे कोडेकार अराउकारिया हे नियम खुशाल वाकवायचे, तरी सोडवणारे त्यांच्यावर जीव टाकायचे.