मदत हवी आहे: उपग्रहाच्या फोटोवरून आमचा मांगर बेकायदा ठरतो का?

मंडळी,
घर वेंगुर्ल्याच्या बाजूला, समुद्रापासून दीडशे मीटरच्या आत. मागे चिऱ्याचा मांगर (गवत-अवजारं ठेवायची खोपी), आजोबांच्या वेळचा. गेल्या आठवड्यात बाबांना नोटीस आली: मांगर सीआरझेडमध्ये (बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारपट्टीत) विनापरवाना आहे, पंधरा दिवसांत खुलासा करा. सोबत उपग्रहाचे दोन फोटो. १९९१ च्या फोटोत तिथे नुसतं हिरवं, आताच्यात छप्पर. झालं, म्हणजे नंतर बांधला!

सीआरझेडची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, म्हणून ते वर्ष, एवढं कळलं. पण तेव्हा मांगरावर माडांची सावली होती. मे २०२१ च्या तौक्ते वादळात तीन माड आडवे झाले, म्हणून आता कौलं दिसतात. हे कसं सिद्ध करायचं?

आणखी एक. नव्या फोटोत खळ्यात पसरलेली ताडपत्रीसुद्धा ओळखू येते. आईने विचारलं, "म्हणजे आता खळ्यात बसूचा पण नाय?" न विचारता घराचा असा फोटो काढता येतो का?

उत्तर
वकील नाही, मोजणीच्या कामात वीस वर्षं काढलीत. आधी जुना फोटो कुठल्या उपग्रहाचा ते माहिती अधिकारात विचारा. लँडसॅट ५ चा असेल तर एक ठिपका ३० बाय ३० मीटरचा, म्हणजे जवळजवळ ९ गुंठे! आपल्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या बारीक कॅमेऱ्याचा ठिपकाही ३६ मीटरचा. फ्रेंच स्पॉटचा असला तरी १० मीटर, म्हणजे ठिपक्याला एक गुंठा. तुमचा मांगर गुंठ्याचा तरी आहे का? माड नसते तरी दिसला नसता. खुलाशात हेच ठासून लिहा. अंतरही फोटोतल्या पाण्याच्या कडेपासून मोजलं असेल तर हरकत घ्या. मंजूर नकाशातली भरतीरेषा धरतात. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं प्रमाणपत्र मागा.

खासगीपणाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मूलभूत मानलाय, पण उपग्रहांबाबतची संयुक्त राष्ट्रांची १९८६ ची तत्त्वं देशादेशांतली आहेत, घरमालकाला त्यात जागा नाही. खळ्यातला माणूस त्या फोटोत ठिपकाच दिसतो, चेहरा नाही. हा मुद्दा खुलाशात घालू नका, मूळ मुद्दा पातळ होईल. त्यापेक्षा जुनी घरपट्टी शोधा.

मूळ लेखक
आभारी आहे, काका. फोटोखाली उपग्रहाचं नावच नाही, नुसतं 'सॅटेलाइट इमेज १९९१'. अर्ज उद्याच टाकतो. घरपट्टीची १९८४ ची पावती ट्रंकेत मिळाली, पण त्यात 'घर व पडवी' एवढंच आहे. मांगराचा उल्लेख नाही. ती जोडू की नको?