नागीण गेली, पण पोट एका बाजूला फुगलं

सुषमा (ए-४०३): वैशालीताई, एक विचारू? सासूबाईंची नागीण सुकली, खपल्याही पडल्या. पण आता पोटाची उजवी बाजू फुगलीय. खोकल्या की अजून पुढे येते. सगळे म्हणतात हर्निया.

कुलकर्णी काका (बी-१०२): तोंड-शेपूट जुळलं नाही ना? विळखा पुरा झाला तर वाईट. गेरू लावा.

अमेय (सी-२०१): काका 🙏 ती एका बाजूच्या नसेवर येते, मधली रेघ सहसा ओलांडतच नाही. जुळणार कुठून?

डॉ. वैशाली (ए-१०१): सुषमा, फुगवटा फोड होते त्याच पट्ट्यात आहे का?

सुषमा: हो, बरोब्बर तिथेच. डाग अजून दिसतात.

डॉ. वैशाली: मग हर्निया नसेलही. कांजिण्यांचा विषाणू मणक्याशेजारच्या नसांच्या गाठींत वर्षानुवर्षं दबा धरून असतो. उठला की संवेदनेच्या नसेतून कातडीवर येतो, तीच नागीण. क्वचित स्नायू हलवणाऱ्या नसेलाही झळ लागते. मग पोटाचा तेवढाच स्नायू लुळा पडतो आणि आतडी त्याला बाहेर ढकलतात. हर्नियासारखं पोटाच्या भिंतीला भोक नसतं, ते सोनोग्राफीत कळतं. त्याआधी ऑपरेशनची तारीख घेऊ नका आणि सर्जनना नागिणीचं आवर्जून सांगा. बहुतेकांचं काही महिन्यांत भरून येतं. उलट्या झाल्या किंवा शौच-वारा बंद झाला तर मात्र लगेच निघा.

कुलकर्णी काका: नागिणीने लकवा? पहिल्यांदाच ऐकतोय.

डॉ. वैशाली: तेवढ्या पट्ट्यापुरता, काका. खांद्या-दंडावर आली तर कधी हात वर जात नाही, बैठकीच्या भागात आली तर लघवी तुंबू शकते. कानात आली तर तोंड वाकडं, चक्कर, ऐकू कमी. याला रॅमसे हंट म्हणतात, १९०७ पासून माहीत आहे. आपल्याकडे ‘वारं लागलं’ म्हणून शेकत बसतात, कानातले फोड कुणी बघतच नाही! विषाणूविरोधी गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या.

नेहा (सी-५०४): जस्टिन बीबरला २०२२ मध्ये हेच झालं होतं ना? व्हिडिओत अर्धाच चेहरा हसत होता.

डॉ. वैशाली: तेच. आणि काहींना तर फोड येतच नाहीत, नुसतीच आग आणि कळा. ते ओळखायला आम्हालाही अवघड जातं.

कुलकर्णी काका: नागिणीची लस आहे म्हणे. मला कांजिण्या होऊन गेल्यात, तरी घ्यायची?

डॉ. वैशाली: होऊन गेल्यात म्हणूनच. पन्नाशीनंतर दोन डोस, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने. स्वस्त नाही, आधीच सांगते.

सुषमा: ताई, उद्याच सोनोग्राफी करून घेते. रिपोर्ट इथे नको, तुम्हाला वेगळा पाठवते.